मेकाँगच्या काठचे विसरलेले आजार: गोळी पोहोचली, पुढचं काय?

काही आजार असे असतात की त्यांची कधी बातमी होत नाही. त्यांनी माणूस एका रात्रीत मरत नाही, विमानतळं बंद पडत नाहीत, शेअर बाजार कोसळत नाही. माणूस फक्त थकतो. मूल वर्गात पेंगतं. बाईच्या अंगात रक्त कमी होतं, पुरुषाचं पोट फुगतं, पाय सुजतो, डोळ्याच्या पापण्या आत वळतात. वर्षानुवर्षं असंच चालतं आणि घरातले म्हणतात, "नशीब!" जागतिक आरोग्य संघटनेने अशा २१ आजारांची आणि आजारगटांची यादी केली आहे. त्यांना दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार म्हणतात. जगातल्या सुमारे दीडशे कोटी लोकांना या आजारांसाठी उपचार किंवा प्रतिबंधाची गरज आहे. म्हणजे भारताच्या लोकसंख्येहून जास्त माणसं, आणि तरी नाव "दुर्लक्षित".

हा विषय आज घ्यायचं कारण पैशाचं आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएआयडी ही संस्थाच बंद झाली. २००६ पासून या दुर्लक्षित आजारांसाठी सर्वात जास्त पैसा देणाऱ्यांत ती होती. त्याआधी २०२१ मध्ये ब्रिटननेही आपला हात आखडता घेतला होता. ज्या देशांचे कार्यक्रम या मदतीवर उभे होते, त्यांच्यासमोर आता प्रश्न आहे: जे कमावलं ते टिकवायचं कसं?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर एखादा देश समोर ठेवावा लागतो. आम्ही कंबोडिया निवडला. गरीब देशही काय करून दाखवू शकतो हे तिथे दिसतं, आणि नुसत्या गोळ्या वाटून काय होत नाही हेही तिथेच दिसतं.

शून्यातून सुरुवात

कंबोडियाची लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अल्पविकसित देशांच्या यादीत तो आजही आहे. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात तिथे ख्मेर रूजची राजवट होती. पोल पॉटच्या त्या राजवटीत १५ ते २० लाख माणसं मेली. काहींना मारलं, काही उपाशी मेली, काही आजाराने. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू, असा तो हिशेब होता. शिक्षक मारले गेले, डॉक्टर मारले गेले, दवाखाने ओस पडले. राजवट संपली तेव्हा देशात बोटावर मोजण्याइतके डॉक्टर उरले होते. त्यानंतरही जवळपास बारा वर्षं यादवी चालू राहिली. १९९१ च्या पॅरिस करारानंतर कुठे देशाने श्वास घेतला.

अशा देशात पोटातल्या जंतांचा विचार कोण करणार? पण १९९० च्या दशकात मेकाँगच्या काठच्या गावांत वैद्यकीय पथकं पोहोचली तेव्हा जे दिसलं ते धक्कादायक होतं.

नदीतला किडा

मेकाँग नदी लाओसमधून कंबोडियात उतरते तिथे स्टुंग त्रेंग आणि क्राचे हे दोन प्रांत आहेत. नदीकाठच्या गावांत तरुण माणसं आणि शाळकरी मुलं फुगलेली पोटं घेऊन फिरत होती. यकृत कडक झालेलं, प्लीहा वाढलेली, पोटात पाणी साठलेलं. काहींना रक्ताची उलटी होऊन मृत्यू येत होता. कारण होतं शिस्टोसोमा मेकाँगी नावाचा एक बारीक कृमी. तो रक्तवाहिन्यांत राहतो.

त्याचं चक्र समजून घेण्यासारखं आहे. आजारी माणसाच्या शौचातून कृमीची अंडी नदीत जातात. अंड्यातून निघालेला जीव नदीतल्या खडकांवरच्या एका बारीकशा गोगलगायीत शिरतो. तिथे तो वाढतो, एकाचे हजारो होतात आणि पुन्हा पाण्यात येतात. त्या पाण्यात कुणी आंघोळीला, कपडे धुवायला, मासे पकडायला किंवा वजूला उतरलं की हे जीव त्याच्या कातडीतून आत शिरतात. खायची गरज नाही, प्यायची गरज नाही, नुसता पाण्याचा स्पर्श पुरतो. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, खडक उघडे पडतात, गोगलगायी वाढतात आणि नेमकी तेव्हाच मुलं नदीत जास्त डुंबतात.

हा कृमी जगात फक्त लाओस आणि कंबोडियाच्या या पट्ट्यात सापडतो. धोका असलेली लोकसंख्या जेमतेम दीड लाख. दुर्लक्ष म्हणजे काय ते इथे कळतं. दीड लाख गरीब कोळी आणि शेतकरी, दोन देशांच्या टोकाला, राजधानीपासून लांब. औषध कंपनीला त्यांच्यात बाजार दिसत नाही, पुढाऱ्याला मतं दिसत नाहीत.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर तपासणी झाली तेव्हा काही गावांत दहांपैकी सात-आठ जणांना हा आजार निघाला. १९९५ च्या सुमारास गावोगावी सगळ्यांना प्राझिक्वांटेल नावाचं औषध द्यायला सुरुवात झाली. हे औषध स्वस्त आहे. किती गोळ्या द्यायच्या हे ठरवायला वजनकाट्याचीही गरज नसते, उंची मोजायची पट्टी पुरते. काही वर्षांत चित्र पालटलं. प्रमाण एकदम खाली आलं आणि फुगलेल्या पोटांची मुलं दिसेनाशी झाली. गरीब देशाच्या सरकारी खात्याने, बाहेरची मदत घेऊन, हे करून दाखवलं.

पण आजार संपला का? नाही. कारण प्राझिक्वांटेल शरीरातला कृमी मारतं, नदीतला नाही. बरा झालेला माणूस पुन्हा त्याच पाण्यात उतरला की पुन्हा बाधित होऊ शकतो. शिवाय हा कृमी कुत्र्यांमध्ये आणि डुकरांमध्येही राहतो. माणसांना गोळी दिली तरी कुत्रा नदीकाठी घाण करतोच आहे. म्हणून २०१६ पासून लाओस आणि कंबोडियाने वेगळी वाट धरली. गावकऱ्यांनी स्वतः बसून आपल्या गावाचा नकाशा करायचा: पाणी कुठून येतं, शौचाला कोण कुठे जातं, जनावरं कुठे फिरतात. मग गावाने आपली योजना आपणच ठरवायची. गोळीच्या जोडीला पाणी आणि शौचालय आलं. हे काम हळू चालतं, त्याचा फोटो चांगला येत नाही, पण मुळावर घाव घालायचा तर दुसरा रस्ता नाही.

मास्तरांच्या हातातली गोळी

आता शाळेकडे येऊ. आम्ही शाळेत शिकवणारी माणसं, त्यामुळे हा भाग आम्हाला जास्त जवळचा.

गोल कृमी, चाबूक कृमी आणि अंकुश कृमी हे तीन जंत मातीतून पसरतात. पहिले दोन घाणेरड्या हातांतून आणि न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. तिसरा अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की ज्या देशांत हे जंत आहेत तिथल्या शाळकरी वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना २०१० पर्यंत नियमित जंतनाशक गोळी मिळाली पाहिजे. हे लक्ष्य गाठणारा जगातला पहिला देश कोणता? श्रीमंत देश नाही, मोठा देश नाही. कंबोडिया. आणि तेही २००४ मध्ये, मुदतीच्या सहा वर्षं आधी.

हे जमलं कसं? दवाखाने थोडे होते, पण शाळा गावोगावी होत्या. गोळी शिक्षकांच्या हाती दिली. एक गोळी, सगळ्यांना सारखीच, तपासणी न करता. तपासणीचा खर्च गोळीच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त, आणि गोळी सुरक्षित, म्हणून सरसकट द्यायची. ज्या देशात एका पिढीमागे शिक्षकांना वेचून मारलं होतं, त्याच देशात शिक्षकांनी मुलांच्या आरोग्याची जिम्मेदारी उचलली. ही गोष्ट आम्हाला आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

इथे एक वादही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. सगळ्यांना गोळी दिल्याने मुलांचं वजन, हजेरी, अभ्यास किती सुधारतो यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. केनियातल्या शाळांवरचा मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांचा २००४ चा अभ्यास सांगतो की गोळीमुळे गैरहजेरी बरीच घटली. क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसऱ्या बाजूला आपल्या उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, वजनात किंवा बालमृत्यूत ठळक फरक दिसला नाही. याचा अर्थ गोळी निरुपयोगी आहे असा नाही. ज्या मुलाच्या पोटात खूप जंत आहेत त्याला ती नक्की उपयोगी पडते. अर्थ इतकाच की गोळीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. भुकेल्या मुलाच्या पोटातून जंत काढले तरी ते भुकेलं राहतंच.

गोळीला न जुमानणारा जंत

कंबोडियाच्या यशाला आणखी एक काळी किनार आहे. मातीतून येणारा एक चौथा जंत आहे, स्ट्राँगिलॉइडिस. तो वर्षानुवर्षं अंगात राहू शकतो, कारण तो माणसाच्या शरीराच्या आतच आपली पैदास चालू ठेवतो. पोटदुखी, अंगाला खाज, पित्तासारख्या गांधी इतकंच दिसतं. पण अशा माणसाला दुसऱ्या कुठल्या आजारासाठी स्टेरॉइड दिलं किंवा त्याची प्रतिकारशक्ती ढासळली, तर हा जंत अंगभर पसरतो आणि जीव घेतो.

शाळेत वाटली जाणारी गोळी, म्हणजे अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोल, याच्यावर नीट चालत नाही. त्याला आयव्हरमेक्टिन लागतं. आणि साध्या शौच तपासणीत तो सहज सापडतही नाही. म्हणजे मोजला नाही, म्हणून दिसला नाही. दिसला नाही, म्हणून औषध नाही. कंबोडियाच्या राष्ट्रीय मलेरिया व परजीवी केंद्राने स्वित्झर्लंडच्या संशोधकांबरोबर खास पद्धतीने देशभर शोध घेतला तेव्हा दहांपैकी सुमारे तीन जणांत हा जंत आढळला. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अखेर मार्गदर्शक सूचना काढल्या: शाळकरी मुलांत याचं प्रमाण ५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तिथे वर्षातून एकदा पाच वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन द्यावं. इतकी वर्षं लोक हा जंत अंगात घेऊन फिरत होते, फक्त कुणाच्या यादीत नव्हते.

ताटातला धोका

मासा हा कंबोडिया आणि लाओसच्या जेवणाचा प्राण. आपल्या कोकणात जसं माशाशिवाय जेवण अर्धं, तसंच तिथे. पण तिथल्या काही भागांत गोड्या पाण्यातला मासा कच्चा किंवा अर्धवट आंबवून खायची जुनी सवय आहे. त्यातून यकृतातला चपटा कृमी, ऑपिस्थॉर्किस, पोटात जातो. तो पित्तनलिकेत राहतो, वीस-वीस वर्षं. तिथे सतत सूज राहते आणि शेवटी काहींना पित्तनलिकेचा कर्करोग होतो. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. शेजारच्या ईशान्य थायलंडमध्ये या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वात जास्त मानलं जातं. लाओसमध्ये लाखो लोक बाधित आहेत, कंबोडियात ताकेओ प्रांतासारख्या सखल भागांत तो आढळतो.

उपाय अगदी सोपा वाटतो: मासा शिजवून खा. पण कुणाच्या ताटातली चव बदलणं सोपं असतं का? पिढ्यान्‌पिढ्या शेतावर काम करताना मासा पकडून, लिंबू-मिरची लावून, तिथल्या तिथे खाल्ला जातो. लिंबाने मासा पांढरा दिसतो, शिजल्यासारखा वाटतो, पण त्यातला कृमी मरत नाही. औषध घेतलं की "आता बरे झालो" म्हणून पुन्हा तेच खाणं सुरू होतं. थायलंडच्या खोन काएन प्रांतात लावा तलावाकाठी संशोधकांनी यावर चांगलं काम केलं. औषध, शाळेतले धडे, गावातले स्वयंसेवक, तलावातल्या माशांची तपासणी, सगळं एकत्र चालवलं. वर्षानुवर्षं चिकाटीने केल्यावर तलावातले मासेही बरेच कृमीमुक्त झाले. धडा एकच: लोकांच्या खाण्याला नावं ठेवून काही होत नाही, त्यांच्याशी बोलत राहावं लागतं.

दोन लढाया जिंकल्या

निराश व्हायचं कारण नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की कंबोडियात हत्तीपाय रोग आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही. हा रोग ईशान्येकडच्या दुर्गम जिल्ह्यांत होता. तिथे पाच वर्षं दरवर्षी सगळ्यांना दोन औषधं दिली, मग मुलांचं रक्त तपासून खात्री केली. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, खुपरीबाबत तशीच घोषणा झाली. खुपरी म्हणजे डोळ्यांचा तो आजार ज्यात पापण्या आत वळून बुबुळ घासतं आणि माणूस आंधळा होतो. लाओसनेही २०१७ मध्ये खुपरी आणि २०२३ मध्ये हत्तीपाय हटवला. त्याच २०२३ मध्ये बांगलादेशाने हत्तीपाय हटवला आणि काळा आजार दूर करणारा जगातला पहिला देश म्हणून मान मिळवला. आजवर ५० हून अधिक देशांनी किमान एक तरी दुर्लक्षित आजार हटवला आहे. २०३० पर्यंत असे १०० देश व्हावेत असं लक्ष्य आहे.

म्हणजे "गरीब देशात काय होणार?" हे वाक्य खोटं आहे. होतं. पण नेट लागतो, आणि जिंकल्यावर पाळत ठेवावी लागते. हटवलेला आजार परत येतोय का हे तपासायला माणसं आणि पैसा लागतो. मदत आटली की पहिली कात्री इथेच लागते, कारण आजार दिसत नसताना त्याच्यावर खर्च करायला कुणी तयार नसतं.

मलेरियाला पैसा, जंताला का नाही?

याच कंबोडियात दुसऱ्या एका आजाराला भरपूर पैसा मिळाला. थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या सर्वात प्रभावी औषधाला मलेरिया दाद देईनासा झाला, हे २००८-०९ च्या सुमारास पुढे आलं. जग हादरलं. हा हट्टी मलेरिया आफ्रिकेत पोहोचला तर काय, ही भीती होती. २०१३ मध्ये ग्लोबल फंडने मेकाँग खोऱ्यातल्या देशांसाठी १० कोटी डॉलरचा खास कार्यक्रम सुरू केला. त्याचा फायदाही झाला, कंबोडियात मलेरियाचे मृत्यू जवळपास थांबले. हे चांगलंच झालं.

पण फरक बघा. मलेरिया सीमा ओलांडू शकतो, म्हणून दुसऱ्यांना भीती वाटली आणि पैसा आला. नदीतला कृमी त्याच्या गोगलगायीला सोडून कुठे जात नाही. तो लंडनला पोहोचणार नाही, न्यूयॉर्कला पोहोचणार नाही. तो फक्त क्राचेच्या मुलालाच त्रास देणार. जगाच्या दवाखान्यात केसपेपर माणसाच्या दुखण्यावर निघत नाही, श्रीमंताच्या भीतीवर निघतो. दुर्लक्षित आजारांचं सगळं राजकारण या एका वाक्यात आहे असं आम्हाला वाटतं.

नदीकाठचे चाम

आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल, कंबोडियात एक जुना मुस्लिम समाज आहे, चाम. आजच्या मध्य व्हिएतनाममध्ये असलेल्या चंपा राज्याचे ते वंशज. बहुतेक चाम शाफई मस्लकाचे, आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच. मेकाँग आणि तोन्ले साप यांच्या काठी त्यांची वस्ती, आणि मासेमारी हा अनेकांचा पिढीजात धंदा. ख्मेर रूजच्या काळात त्यांच्यावर खास जुलूम झाला. २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने नुओन चिया या बड्या नेत्याला चाम लोकांच्या वंशसंहारासाठी दोषी ठरवलं.

आजार धर्म बघत नाही, पण गरिबी आणि नदी मात्र बघतो. ज्यांचं आयुष्य होडीत आणि पाण्यात जातं, ज्यांच्या घरामागे शौचालयासाठी हातभर कोरडी जमीन नसते, त्यांच्यापर्यंत सरकारी योजना सगळ्यात शेवटी पोहोचते. मग तो चाम असो, ख्मेर असो किंवा तरंगत्या वस्तीतला व्हिएतनामी असो. म्हणून नदीकाठच्या शेवटच्या घरापर्यंत जाणं हाच या कामाचा खरा इम्तिहान आहे.

खरं औषध जमिनीखाली आहे

वरच्या बहुतेक आजारांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: माणसाची विष्ठा माती आणि पाण्यात मिसळते. २००० च्या सुमारास ग्रामीण कंबोडियात बहुतेक घरांना शौचालय नव्हतं. त्यानंतर एक वेगळा प्रयोग झाला. फुकट वाटण्याऐवजी, गरिबाला परवडेल असं सोपं शौचालय गावच्या सिमेंटवाल्यांनीच बनवून विकावं, अशी योजना आयडीई या संस्थेने राबवली. सिमेंटची कडी, एक भांडं, एक टाकी, घरच्या माणसांनी एक-दोन दिवसांत बसवता येईल असं. लोकांनी ते पैसे देऊन घेतलं आणि लाखो घरांपर्यंत ते पोहोचलं. विकत घेतलेली वस्तू माणूस वापरतो, हे साधं गणित त्यामागे होतं. पण जे अगदीच कंगाल, ज्यांची जमीन वर्षातले चार महिने पुराच्या पाण्याखाली, त्यांचं काय? तिथे बाजार पोहोचत नाही, तिथे सरकारच लागतं.

आपल्याशी याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळल्याची नोंद गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी केली. तो आजार शिस्टोसोमाचाच होता, मेकाँगच्या किड्याचा भाऊबंद, आणि तिथेही मधला दुवा गोगलगायीचाच होता. उपचार झाले, गोगलगायींवर उपाय झाले आणि तो प्रादुर्भाव ओसरला. म्हणजे कोकणातल्या एका गावाने हा प्रश्न पाहिला आहे आणि सोडवलाही आहे.

हत्तीपाय रोगाच्या मोहिमांसाठी जगभर मोफत दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या नाशिकच्या कारखान्यातही बनत आली आहे. गोळी आपल्या मातीत बनते, आणि हत्तीपाय आपल्याच विदर्भात अजून आहे. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्रित मोहीम झाली. देशाने हा रोग २०२७ पर्यंत हटवायचं ठरवलं आहे. खुपरी तर २०२४ मध्ये भारतातूनही हटल्याचं जाहीर झालं.

आणि शाळेतला जंतनाशक दिवस. २०१५ पासून आपल्याकडे १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी दिली जाते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी आणि त्यापुढे एक, चावून खायची. दरवर्षी त्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीबाही फिरतं. "मुलांना चक्कर आली", "ही कसली गोळी आहे, आपल्याच मुलांना का देतात?" मग काही अम्मी मुलाला त्या दिवशी घरीच ठेवतात. आम्ही त्यांच्यावर रागावत नाही, कारण भरवसा हुकमाने येत नाही. पण तीन गोष्टी सांगतो. एक, ही गोळी सगळ्या शाळांत, सगळ्या जाती-धर्माच्या मुलांना, तीच आणि तेवढीच दिली जाते. दोन, ज्याच्या पोटात जास्त जंत आहेत त्याला थोडा वेळ मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते, ती थांबते. तीन, मूल त्या दिवशी आजारी असेल किंवा त्याला दुसरं औषध चालू असेल, तर आधी शिक्षकांना किंवा आशा ताईंना सांगा, गोळी नंतरच्या दिवशीही मिळते.

त्याचबरोबर प्रश्नही विचारा. गोळी वर्षातून एक-दोनदा मिळते, पण शाळेच्या नळाला पाणी रोज येतं का? मुलींच्या शौचालयाला कडी आहे का? साबण आहे का? मोहल्ल्यातलं गटार उघडं आहे का? जंताची गोळी घेऊन मूल घरी येतं आणि त्याच उघड्या गटारावरून उड्या मारत खेळतं, तर ती गोळी किती दिवस पुरणार? पालक सभेत फीबद्दल बोलतो तसं याबद्दलही बोललं पाहिजे. नगरसेवकाला रस्त्याबद्दल विचारतो तसं गटाराबद्दलही विचारलं पाहिजे.

कंबोडियाने जवळपास काहीच हातात नसताना जगात सगळ्यात आधी आपल्या मुलांपर्यंत गोळी पोहोचवली. आता तिथे शेवटच्या घरापर्यंत शौचालय, स्वच्छ पाणी आणि योग्य औषध पोहोचवायचं आहे, तेही मदत आटत असताना. ते काम बाहेरच्या दानावर कायम चालणार नाही, देशाच्या आपल्या बजेटमध्ये त्याला जागा मिळावी लागेल. आपल्या गावाचं आणि मोहल्ल्याचंही तेच. आजार दुर्लक्षित असतो तो आजारामुळे नाही, माणूस दुर्लक्षित असतो म्हणून. तो माणूस यादीत आला, मोजला गेला, त्याच्या दारापर्यंत कुणी गेलं, तर आजार हटतो. हे मेकाँगच्या काठी झालं आहे आणि गिमवीतही झालं आहे.